गल्लीत शिरलेला समुद्र

दिवाळी जवळ आली की आमच्या कोपरमध्ये खाडीचा वास बदलतो. पावसाळाभर फुगलेलं पाणी ओसरतं, काठाचा चिखल उघडा पडतो, त्यावर ऑक्टोबरचं ऊन तापतं. मग दुपारी कधीतरी एक खारट, कुजकट, पण ओळखीचा वास रूळ ओलांडून माझ्या शिवणाच्या दुकानात येतो. हे दिवस आमच्या धंद्याचे. ब्लाऊजचे गठ्ठे मशीनच्या दोन्ही बाजूंनी चढत जातात, बायका ‘ताई, पाडव्याच्या आधी हं’ म्हणून बजावून जातात, आणि समोरच्या रस्त्यावर आकाशकंदिलांच्या दोऱ्या बांधल्या जातात. पूर्वी या वासाबरोबर मला उटणं आठवायचं, फराळ आठवायचा. आता जळलेल्या कातडीचा वास आठवतो. दोन्ही वासांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण नाकाला कोण समजावणार.

दुकानात एक छोटा टीव्ही आहे. नजर सुईवर असते, त्यामुळे मी तो बघत नाही, ऐकते. हे सगळं झालं त्या वर्षी टीव्हीवर समुद्र होता. आपला नव्हे, कुठला तरी पूर्वेकडचा. त्यात बेटं होती, आणि ती इतकी लहान की भरतीला काही बुडतात असं सांगत होते. ती आमची, असं चीन म्हणत होता. तिथला एक छोटा देश ती आपली म्हणत होता, आणि त्या छोट्या देशाच्या पाठीशी म्हणून अमेरिकेची लढाऊ जहाजं येऊन उभी राहिली होती. रोज संध्याकाळी स्टुडिओत माणसं एकमेकांच्या अंगावर ओरडत. मी काजं-बटणं करत ऐकत बसायची आणि वाटायचं, ही माणसं इतकी ओरडतायत, तर त्या बेटांवरचे पक्षी केव्हाच उडून गेले असतील.

आमच्या गल्लीचं मत मात्र हवेसारखं होतं. गणपतीत सगळे अमेरिकेवर उखडलेले. कुणाच्या तरी जावयाचा व्हिसा अडकलेला, कुणाच्या कंपनीचं तिकडचं काम गेलेलं. आरतीनंतर प्रसाद घेता घेता माणसं म्हणायची, ‘त्यापेक्षा चीन बरा, निदान तोंडावर तरी दुश्मन आहे.’ घट बसले तोवर वारं फिरलं. तीच माणसं आता चीनला बुडवायला निघाली होती. फोन चिनी, चार्जर चिनी, कंदिलातला बल्ब चिनी, आणि त्याच फोनवरून चिनी माल घेऊ नका असे संदेश फिरत होते. मी हसायची. तेव्हा त्यात हसण्यासारखं होतं.

सोसायटीतल्या मुलांनी त्या वर्षी दिवाळीत डोंगरी किल्ला केलाच नाही. निळं प्लास्टिक अंथरलं, त्यात पाणी भरलं, विटांची बेटं केली आणि थर्माकोलची जहाजं सोडली. अमेरिका व्हायला सगळे तयार, चीन व्हायलाही दोघं-तिघं मिळाले. पण ज्याची बेटं, तो देश व्हायला कुणी तयार होईना. शेवटी त्याच्यावाचूनच युद्ध सुरू झालं. एका जहाजात सुतळी बॉम्ब लावला, तो फुटला, विटेचा कपचा उडून एका मुलीचा गाल फाटला. तिला टाके घालायला नेलं, आणि बाकीची मुलं पाण्यात सांडलेलं रक्त बघत उभी राहिली. पण हे मागाहूनचं. तोवर आमच्याकडे खरं युद्ध होऊन गेलेलं होतं.

माझं दुकान भोईरमामांच्या इमारतीत आहे. मामा इथले जुने आगरी. त्यांच्या वडलांपर्यंत मिठागरात काम आणि खाडीत मासेमारी होती, मग जमिनीला भाव आला, इमारती उठल्या. तळाला दुकानं, वर पहिल्या मजल्यावर मामा, त्यांच्या पत्नी जयामावशी आणि पुतण्या सागर. सागरचे आईवडील तो लहान असतानाच गेलेले, जयामावशींनीच त्याला वाढवलं. त्यांचा स्वतःचा मुलगा निलेश बोटीवर होता. मोठ्या जहाजावर नव्हे. अवजड तराफे दोराने ओढून नेणाऱ्या टगवर. आणि त्या वर्षी त्याचा टग नेमका त्याच समुद्रात होता.

म्हणून मामा टीव्ही ऐकायला माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचे. घरात लावला की मावशी बंद करायच्या. एकदा निवेदक नकाशावर रेघा मारून दाखवत होता, तेव्हा मामा म्हणाले, “जमनीला बांध घालता येतो गो. पान्याला कसा घालशील?”

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या लहानपणी पलीकडच्या गावाशी खाडीतल्या जागेवरून भांडण होतं. जाळी बांधायला चिखलात खुंट रोवायचे, ते खुंट कुणी कुठवर रोवायचे, यावरून. एका ओहोटीला दोन्ही गावं कोयते घेऊन गुडघाभर चिखलात उतरली. पळता येत नाही चिखलात, पाय रुततात. मामांच्या काकाची बोटं तुटली आणि पलीकडचा एक जण तिथेच पडला. भरती येईपर्यंत कुणाला त्याला उचलता आलं नाही.

“मग ती जागा कुणाची ठरली?” मी विचारलं.

“आता तिथं खारफुटी हाय नि प्लास्टिकच्या पिशव्या. कोनाचीच नाय.”

चीन काही गरीब गाय आहे असं मला म्हणायचं नाही. मोठे देश लहानांच्या होड्या हुसकावतात, तिथले कोळी आपल्याच पाण्यात जायला घाबरतात, हे खरं असेल. राग यावा असंच आहे ते. पण रागाला हजारो मैल जाता येत नाही. त्याला जवळचं काहीतरी लागतं. आमच्या गल्लीत जवळचा होता रतन.

रतन दार्जिलिंगकडचा. माझ्या दुकानाशेजारी संध्याकाळी त्याची चायनीजची गाडी लागायची. लाल कापडावर पिवळा ड्रॅगन होता, तो कळव्याच्या एका पेंटरने काढलेला. त्याची शेपटी जरा घोरपडीसारखी झाली होती. रतनने चीन कधी पाहिला नव्हता. कढईत नूडल्स उडवताना तो जुनी हिंदी गाणी गुणगुणायचा. त्याची बायको सुनीता कोबी चिरायची आणि चांगलं मराठी बोलायची, आमच्याहून जरा हळू, प्रत्येक शब्द पुरता संपवून. तिचे ब्लाऊज मीच शिवायची. दोघांच्या तोंडवळ्यावरून गल्लीतली पोरं रतनला ‘ए चिनी’ म्हणून हाक मारायची, तो ‘हां भाई’ म्हणायचा. सागर तर रोजचा. हाफ राईस, जास्त शेजवान. बसायचा तोही माझ्याच पायरीवर, आणि तेल उडालं की रतनला म्हणायचा, “आरामसे, भाई, शर्ट नवीन आहे.”

वसुबारसेच्या संध्याकाळी दिवे लागायची वेळ होती. वरून जयामावशींचा आवाज आला. किंचाळी नव्हती ती. कुणीतरी पोटात गुद्दा मारल्यावर जो निघतो, तसा आवाज. मी मशीन सोडून जिन्यापर्यंत गेले, तर मामा खाली येत होते, एका हाताने भिंत धरून. निलेशच्या टगवर अपघात झाला होता. त्याच्या तोंडावर मार बसलाय, एक डोळा वाचायचा नाही, एवढंच बोटीच्या एजंटने फोनवर सांगितलं होतं.

मामांनी हे सागरला सांगितलं. सागर चौकात गेला. चौकात काय झालं ते मला ठाऊक नाही, पण थोड्याच वेळात माझ्या फोनवर संदेश आला. आपल्या कोपरच्या पोराचा डोळा चीनने फोडला, आता गप्प बसायचं का, असा. खाली रागाने लाल झालेल्या तोंडांची चित्रं. तोच संदेश माझ्या गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर आला, मग सोसायटीच्या, मग माझ्या बहिणीने तो ठाण्याहून पाठवला आणि विचारलं, ‘तुमच्याकडचाच का गं?’ मी उत्तर लिहीत असतानाच गल्लीच्या तोंडाशी आवाज चढला.

ते पळत आले नाहीत. चालत आले, आणि ते जास्त भयंकर होतं. पुढे सागर होता, रडून डोळे सुजलेले. मागे चौकातली पोरं होती, काही ओळखीची, काही कुठून आली देव जाणे. एकाच्या हातात कंदील टांगायचा बांबू होता. रतनने त्यांना पाहून गॅस बारीक केला. त्याला वाटलं, खायला आलेत.

पहिला बांबू ट्यूबलाईटवर बसला. मग बाटल्या. सोया, व्हिनेगर, लाल चटणीची बरणी. ड्रॅगनचं कापड कुणीतरी दोन्ही हातांनी फाडलं. रतन मधे हात घालून म्हणत होता, “सागरभाई, सागरभाई, मी काय केलं?” कुणीतरी त्याच्या तोंडावर बुक्की मारली. तो वाकला, तसा पाठीत बांबू बसला, मग कानशिलावर. मी सुनीताच्या दंडाला धरून तिला दुकानात ओढलं. ती सुटायला धडपडत होती, माझ्या मनगटाला चावली. शटर खाली खेचताना मी मागे बघितलं, आणि त्याच वेळी सागरने कढई दोन्ही कानांना फडक्याने धरून उचलली.

ती फेकली त्याने. तेल रतनच्या उजव्या हातावर आणि मानेवर पडलं.

त्यानंतरचं मी ऐकलं फक्त. शटरवर बांबू बसत होते, प्रत्येक फटक्याला टांगलेले ब्लाऊज हलत होते. “चिनी की औरत को बाहर निकाल,” असं कोणीतरी हिंदीत ओरडत होतं. बाहेर कुणाचीतरी हाडं मोडावीत तसा फळकुटांचा कडकडाट होत होता. रतनचा आवाज चढत चढत एकाएकी थांबला. सुनीता कापडाच्या गठ्ठ्यावर पडली होती, तोंडात स्वतःचाच पदर कोंबून. माझ्या हातात कात्री होती. कुणी आत आलं असतं तर मी ती चालवली असती. हे मी शांतपणे लिहिते आहे, कारण तेव्हाही मी आतून शांतच होते, आणि त्याचीच मला अजून भीती वाटते.

मग बाहेरचा गोंगाट एकदम थांबला. मी शटर हातभर वर केलं. जयामावशी खाली आल्या होत्या, अनवाणी, केस सुटलेले. गॅलरीतून त्यांनी सगळं पाहिलं होतं. जमावाने त्यांना वाट करून दिली, आदराने. एकजण म्हणालासुद्धा, “मावशी, निलेशचा बदला घेतला.” त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. रस्त्यावर लाल चटणी पसरली होती, त्यात रतन कुशीवर पडला होता, आणि चटणी कुठली नि रक्त कुठलं ते कळत नव्हतं. मावशींनी कोपऱ्यातली गाडीची पाण्याची टाकी ओढली आणि त्या तिच्यातलं पाणी त्याच्या हातावर ओतायला लागल्या.

“काकी,” सागर म्हणाला, “तू बाजूला हो.”

मावशी उठल्या आणि त्यांनी सागरच्या तोंडात मारली. एकदा नाही. तो हात वर न करता मार खात राहिला, लहानपणी खायचा तसा. मग त्या जमावाला म्हणाल्या, अगदी खालच्या आवाजात, “माजे पोराचा डोला ह्यानं फोडला? ह्यो हितं नूडल हलवीत व्हता.”

बांबू खाली गेले. गर्दी आली होती तशीच चालत निघून गेली. कुणाची तरी चप्पल मात्र मागे राहिली.

रतनला आम्ही रिक्षात घालून कळव्याच्या इस्पितळात नेलं. सुनीता वाटभर त्याच्याशी तिच्या भाषेत बोलत होती. हात सुजून दुसऱ्याच कुणाचा तरी झाला होता, कातडी मोज्यासारखी सुटली होती. डॉक्टर म्हणाले, जिवाचा धोका टळेल. बोटं वळतील का, ते आत्ताच सांगता येणार नाही.

धनत्रयोदशीला मी पोलीस चौकीत गेले. गल्लीतल्या सगळ्यांनी सांगितलं होतं की गर्दी होती, अंधार होता, कोण कोण ते दिसलं नाही. मी सागरचं नाव घेतलं. भोईरांच्या दुकानात बसून भोईरांच्या पोराचं नाव घेणं सोपं नव्हतं, पण ते न घेता मशीनवर बसणं मला जमलंच नसतं. साहेबांनी लिहून घेतलं आणि विचारलं, “आणखी कोणी पाहिलंय?” तेवढ्यात दारातून जयामावशी आत आल्या. मागे मामा होते, ते बाहेरच थांबले.

“मी पाहिलं,” मावशी म्हणाल्या. “माजे पुतन्यानं कढई फेकली. सागर. मीच वाढवलाय त्याला.”

तासाभरात सागरला आणून आत टाकलं. त्याला बघायला मावशी गजांपाशी गेल्या. “काकी, मी निलेशसाठी केलं गं,” तो म्हणाला. खोटं बोलत नव्हता तो. निलेशनेच त्याला खाडीत पोहायला शिकवलेलं, त्याला भाऊ म्हणून दुसरं कोणी नव्हतं. मावशींनी गजातून हात घालून त्याच्या केसातली फळकुटाची ढलपी काढली.

“निलेशनं सांगितला व्हता तुला?” त्यांनी विचारलं. त्या परत फिरल्या आणि बाकावर माझ्याशेजारी बसून त्यांनी सही करायचं पेन मागितलं.

तुळशीच्या लग्नानंतर निलेश आला. डाव्या डोळ्यावर पट्टी, गालावर कानापर्यंत गेलेला वण. त्याच्या स्वागताला चौकात मंडप घातला होता. शूर सुपुत्र म्हणून फलक होता, त्यावर निलेशचा जुना फोटो, दोन्ही डोळ्यांचा. एका पुढाऱ्याने चीनला समुद्रात गाडायचं भाषण केलं. मग निलेशच्या हातात माईक दिला. तो मान वळवून फलकावरचा आपला फोटो बघत राहिला. माणसांना वाटलं, भरून आलंय.

“दोन्हीकडची जहाजं लांब होती,” तो म्हणाला. “दोघांचेही भोंगे वाजत होते. आमच्या कप्तानाला तिथून निसटायची घाई झाली, त्याने टग जोरात वळवला. तराफा ओढायचा दोर ताणून तुटला आणि माझ्या तोंडावर आला. बस्स.”

पुढच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, “म्हणजे चीनने नाही केलं?”

“त्यांनी एकमेकांना भिडायला जागा केली. मधून आम्ही जात होतो. आता चीनचं नाव लिहा, अमेरिकेचं लिहा, नाहीतर दोराचं लिहा. मला अर्धंच दिसतं, मी काय सांगू?” त्याने माईक खाली ठेवला. टाळ्या वाजवायच्या की नाहीत ते कुणाला कळेना. काहींनी वाजवल्या. हार कुणी घालायचा यावरून मागे थोडी ढकलाढकली झाली, आणि निलेश तेवढ्यात मंडपाच्या कडेने उतरून निघून गेला. कुठे, ते मला सुनीताने नंतर सांगितलं. कळव्याला, रतनच्या खाटेपाशी. निलेश उशाशी बसून राहिला म्हणे. एकाला नीट दिसत नव्हतं, दुसऱ्याला मान वळवता येत नव्हती. निघताना निलेश एवढंच म्हणाला, “केस मागे घेऊ नको. घरचे कितीही आले तरी.”

घरचे आले. मामांचे भाऊबंद आले, समाजाची मोठी माणसं आली. पोरगं आहे, चूक झाली, घरातलीच बाई साक्ष देते हे बरं दिसत नाही, वगैरे. मामांनी त्यांना पाणी दिलं, बसवलं, आणि स्वतः उठून खाडीकडे गेले. ते कोणाच्या बाजूचे होते ते मला आजतागायत कळलेलं नाही. दुकान सोडायला मात्र त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मावशी साक्ष देऊन आल्या, त्या दिवशी त्यांच्या घरी चूल पेटली नाही. सागर काही काळ आत राहिला, आता जामिनावर आहे, खटला चालूच आहे. तो कोपरमध्ये राहत नाही. मावशी त्याला महिन्यातून एकदा भेटून येतात, डबा घेऊन. आणि तारखेला त्याच्याच विरुद्ध उभ्या राहतात. हे दोन्ही एकाच बाईला कसं जमतं, असं लोक विचारतात. मला त्यात विचारण्यासारखं काही दिसत नाही.

रतन-सुनीता शीळफाट्याकडे राहायला गेले. रतनची दोन बोटं आखडूनच राहिली. कढई त्याला उचलवत नाही, म्हणून एका ढाब्यावर तो भाज्या निवडतो आणि नव्या पोरांना शिकवतो. माफ केलं का, असं मी त्याला कधी विचारलं नाही. एकदा तोच म्हणाला, “सागरभाईंनी रोज माझ्या हातचं खाल्लं ना, ताई. मला ते समजत नाही.” मलाही समजत नाही. अनोळखी माणसाने मारलं असतं तर कदाचित समजलं असतं.

आणि आता पुन्हा तेच दिवस. चिखल तापलाय, वास सुटलाय, ब्लाऊजचे गठ्ठे चढलेत. टीव्हीवर पुन्हा समुद्र आहे, पुन्हा जहाजं आहेत, फक्त ओरडणारी माणसं जरा जाड झाली आहेत. आज दुपारी एक बाई दुकानात शिरली, तोंडावर मास्क, डोक्यावरून ओढणी. मी ओळखलं नाही. तिने पिशवीतून हिरवं कापड काढलं, भाऊबीजेला तिचा भाऊ गावाहून यायचा आहे, त्यासाठी. आवाजावरून कळलं, सुनीता.

मी तिला बसवलं, पाणी दिलं. ते तिने हातात धरलं, पण मास्क काही उतरवेना. गल्लीकडे पाठ करून बसली होती. टीव्ही चालू होता, तिला पडदा दिसत नव्हता, नुसता ओरडा ऐकू येत होता.

“ताई,” तिने हळू विचारलं, “आज शिव्या कोणाला आहेत? चीनला, का अमेरिकेला?”

मी मान वर करून बघितलं. “अमेरिकेला.”

“बरं,” ती म्हणाली, आणि मास्क काढून पाणी प्यायली.